नवव्या पानावरचं ‘नको’

रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला त्या घरात परीक्षा सुरू व्हायची. घरातले तिला ‘गोष्टीची वेळ’ म्हणत, पण परीक्षार्थी पाच वर्षांची होती आणि परीक्षक तिची आई.

“सांग, ससा कुठे आहे? दाब बघू ससा!”

मुंगी सोफ्याच्या कडेला बसून पायाचा अंगठा हलवत राही.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. अंगाने एवढीशी, पण एकदा एका दिशेने निघाली की मध्ये खुर्ची येवो नाहीतर भिंत, वळायची म्हणून नाही. तिला ऐकू नीट यायचं, समजायचंही बरंच, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. शेवटी वाचा-उपचार करणाऱ्या एका ताईंनी टॅबवर एक अॅप घालून दिलं. घरात त्या ताईंना सगळे वाचाताईच म्हणत. अॅपमध्ये चित्रांचे चौकोन होते. एखाद्या चौकोनावर बोट ठेवलं की टॅबमधून एका बाईच्या आवाजात तो शब्द उमटायचा. ‘आई’, ‘पाणी’, ‘आणखी’, ‘दुखतंय’. मुंगीच्या बाबाने त्याचं नाव ठेवलं, बोलकी पाटी.

“रोज एक गोष्टीचं पुस्तक घ्या,” वाचाताई म्हणाल्या होत्या, “पाटी शेजारी ठेवा, आणि गप्पा मारा.”

शेवटचे दोन शब्द आईच्या कानापर्यंत पोहोचले, डोक्यापर्यंत पोहोचले नाहीत. कारण डोक्यात दुसरंच चाललं होतं. तीन महिन्यांनी शाळेच्या मुख्याध्यापिका मुंगीला भेटणार होत्या. त्यांनी काही विचारलं आणि ही गप्प बसली तर? “अशा मुलीला आम्ही नाही घेऊ शकत,” म्हणाल्या तर? आई चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची. तिथे खुर्चीत बसणाऱ्याला ती दिवसभर प्रश्नच विचारत असे, आणि घरी आल्यावर तेच चालू. तिने एक वही केली होती. तारीख, पान नंबर, प्रश्न, उत्तर. बरोबर असेल तर टिक, नसेल तर फुली.

पुस्तक एकच होतं. मुंगीला दुसरं चालतच नसे. एका सशाची लाल टोपी वाऱ्याने उडते. तो बदकाला विचारतो, खारीला विचारतो, आणि शेवटी ती त्याला एका अस्वलाच्या डोक्यावर सापडते. नवव्या पानावर ससा टोपी घेतो, दहाव्यावर घरी जातो, गोष्ट संपते.

“दाब ना गं, ससा. काल आला होता की तुला.”

मुंगी हात पुढे करायची. आईचा जीव गोळा व्हायचा. आणि टॅबमधली बाई शांतपणे म्हणायची, “नको.”

“नको नाही, ससा.”

“नको. नको. नको.”

स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई डोकावत. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई, बोलण्यातही कात्री. “तुझ्या त्या टॅबवाल्या बाईला नाही म्हणण्याशिवाय दुसरं काही येतं का? मी आधीच म्हटलं होतं. यंत्र बोलायला लागलं की पोरीची जीभ कशाला हलेल?”

“आई, तुम्ही जरा थांबा हो.”

“थांबलेच आहे. पाच वर्षं थांबले आहे.”

समोरच्या काकूंचं वेगळंच. जिन्यात गाठ पडली की त्या मुंगीच्या गळ्यातल्या टॅबकडे बघून म्हणायच्या, “आजकाल बरं आहे, एक डबडं हातात दिलं की आया मोकळ्या!” आई हसून पुढे जायची, आणि घरी येऊन त्या दिवशी दोन प्रश्न जास्त विचारायची.

एका रविवारी दुपारी तिला अॅपमध्ये एक सोय सापडली. नको असलेले चौकोन लपवता येत होते! तिने विचार केला, इतक्या गर्दीत लेकरू गोंधळतं. गोष्टीतले आठ शब्द ठेवू आणि बाकीचे काढू. ससा, टोपी, वारा, बदक, खार, झाड, अस्वल, घर. बाकी चौकोनांची सगळी घरं रिकामी केली. पहिल्यांदा काढलं ते डावीकडचं, सगळ्यात वरचं. ‘नको’.

तुम्ही म्हणाल, काय ही आई! पण वाचकहो, तिच्या जागी उभं राहून बघा. पोटात भीती असली की माणूस असल्याच युक्त्या शोधतो, आणि त्यांना शिस्त असं नाव देतो.

पहिले तीन दिवस घर शांत झालं. मुंगी सवयीने वरच्या रिकाम्या घरावर बोट ठेवायची आणि बाई बोलत नाही म्हणून टॅब उलटा करून मागे बघायची. मग दुसरं काहीतरी दाबायची. कधी ससा, कधी झाड.

“आठपैकी पाच बरोबर!” आईने जेवताना सांगितलं. “बघा, हट्ट गेला की नाही?”

“काय जादू केलीस?” मुंगीच्या बाबाने विचारलं. तो लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. घरी यायचा तेव्हा नखांत काळं ग्रीस आणि खिशात एखादा सुटा स्क्रू.

“शिस्त लावली,” आई म्हणाली. चौकोनांबद्दल बोलली नाही.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी नातीला नवा फ्रॉक शिवला. पिवळा, कमरेला अस्तर. मुंगीला तो घातला आणि सातला गोष्टीला बसवलं. त्या दिवशी मुंगी पहिल्या पानापासूनच चुळबुळत होती. कुरकुर करत होती, कमरेशी ओढत होती. पण कुरकुर तर ती रोजच करायची!

“रडून चालणार नाही. आधी वारा दाब.”

मुंगीने बोट ठेवलं, वरच्या रिकाम्या घरावर. मग खाली, कोपऱ्यातल्या रिकाम्या घरावर. पुन्हा वर. पुन्हा खाली. जोरात. काचेवर नख वाजेल इतक्या जोरात.

“असं करायचं नाही. वारा. वा-रा.”

वर. खाली. वर. खाली. आणि मग मुंगीने टॅब सोफ्यावरून ढकलून दिला आणि असा टाहो फोडला की सासूबाई हातातलं टाकून धावत आल्या. त्यांनी तिला उचललं, तशी ती आणखीच किंचाळली. सासूबाईंनी कमरेशी हात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला.

अस्तरात टाचणी राहिली होती.

फ्रॉक उतरवला. कमरेवर बोटभर लांब लाल ओरखडा होता. एका जागी रक्ताचा बारीक ठिपका.

“माझ्याच हातून!” सासूबाई तिला घेऊन खाली बसल्या. “चाळीस वर्षांत कुणाच्या कपड्यात टाचणी राहिली नाही गं. डोळेच गेले माझे.” त्यांनी मुंगीला छातीशी धरलं. मग जमिनीवर पडलेल्या टॅबकडे बघत हळूच विचारलं, “पण ती सारखी दोन रिकाम्या घरांवर बोट का मारत होती? तिथे काय होतं?”

आई ओरखड्याकडे बघत राहिली.

“सांग ना. वरच्या घरात काय होतं?”

“‘नको’.”

“आणि खालच्या?”

“‘दुखतंय’,” ती कसंबसं म्हणाली.

मुंगी अजून हुंदके देत होती. बाबा नुकताच आला होता, दारातच उभा होता, पायात बूट तसेच. तो कधी आवाज चढवायचा नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

“लिफ्टमध्ये धोक्याचं बटण असतं ना,” तो म्हणाला. “माणूस अडकला की सारखं दाबतो. कानाला त्रास होतो. पण म्हणून आम्ही तार नाही गं कापत.”

आईने त्याच मिनिटाला टॅब उचलला आणि सगळे चौकोन परत आणले. ‘नको’ आपल्या जागी आलं, ‘दुखतंय’ आपल्या जागी आलं. पाटी पुन्हा भरली.

पण मुंगी तिला हात लावेना! दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. टॅब समोर धरला की ती मान फिरवायची. पुस्तक काढलं की पलंगाखाली जाऊन बसायची. जे ‘नको’ ऐकून आईचं डोकं उठायचं, ते एकदा तरी ऐकू यावं म्हणून ती आता कान टवकारून बसू लागली.

शेवटी ती वाचाताईंकडे गेली. सासूबाईही हट्टाने बरोबर आल्या. आईने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि वही पुढे केली. ताईंनी ती उघडली नाही.

“तुम्ही स्वतः पाटीवर किती बोलता?” त्यांनी विचारलं.

“मी? मला तोंड आहे की.”

“तेच तर! घरात सगळे तोंडाने बोलणार, आणि या एकटीने बोटाने बोलायचं. तेही कुणी विचारलं तरच, आणि बरोबर असेल तेच. अशी भाषा कोण शिकेल? तान्ह्या बाळाशी आपण वर्षभर बोलत राहतो. ‘आधी उत्तर दे, मग पुढचं बोलते’ असं म्हणतो का?”

“पण ताई, ती ‘नको’शिवाय काही म्हणायचीच नाही हो.”

“म्हणजे काहीतरी म्हणत होती!” ताई पुढे झुकल्या. “ज्याला ‘नको’ म्हणायची सोय नाही, त्याच्या ‘हो’ला होकार म्हणत नाहीत. त्याला नाइलाज म्हणतात.”

सासूबाईंनी घसा खाकरला. “मला एक सांगा. या यंत्राने तिची जीभ आळशी नाही ना होणार?”

“आजी, चष्मा लावला म्हणून कुणाचे डोळे बघायचं विसरतात का? पाटीने जीभ आळसावत नाही. उलट बोलण्याची गोडी लागते. पुढे ती तोंडाने बोलेल की बोटाने, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तिच्याकडे सांगण्यासारखं आहे, एवढं नक्की.”

“मग आता काय करू?” आईने विचारलं. “चौकोन तर परत आणले.”

“चौकोन परत आणता येतात. विश्वास सेटिंगमध्ये जाऊन परत आणता येत नाही. काही विचारू नका. तुम्हीच पाटीवर बोला, चुकतमाकत. आणि पान उलटण्याआधी मनात दहा आकडे मोजा. मोठ्या माणसाला दहा आकडे म्हणजे युग वाटतं. तिला मात्र तेवढे लागतात.”

परत येताना आई सासूबाईंना सरळ आपल्या दुकानात घेऊन गेली. टाचणी तिच्याही मनात सलत होती. सासूबाईंना तपासणीच्या खुर्चीत बसवलं, नाकावर जड चौकट ठेवली, समोरचा अक्षरांचा तक्ता उजळला.

“वाचा.”

सासूबाई खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या. “म. नाही, भ. नाही नाही, थांब. म म्हटलेलं चालेल का?”

“अहो चालेल का काय! दिसतं ते सांगा.”

“चुकलं तर?”

“आई, ही काय परीक्षा आहे का? इथे चूक-बरोबर नसतंच. तुम्हाला जे दिसतं ते तुम्ही सांगायचं, आणि काच मी बदलायची. कुणी नापास...”

आई मध्येच थांबली. हातातली काच हातातच राहिली.

सासूबाईंनी ती जड चौकट नाकावरून थोडी खाली ओढली आणि वरून सुनेकडे पाहिलं. “पोरीला असं कधी म्हणालीस का गं?”

हे वाक्य टोमण्यासारखं आलं नाही, म्हणून तर ते जास्त लागलं. दुकानात रोज वीस-पंचवीस अनोळखी माणसांना ती हे हसून सांगत होती. घाबरू नका, दिसतं ते सांगा, काच बदलायचं काम माझं. आणि घरी? घरी तिने लेकराच्या हातात आपली उत्तरं ठेवली होती, आणि ती जुळली नाहीत म्हणून लेकराचे शब्दच काढून घेतले होते!

त्या संध्याकाळपासून वही कपाटाच्या वरच्या फळीवर गेली.

सातला आई एकटीच जमिनीवर बसली. पुस्तक उघडलं, पाटी शेजारी ठेवली. मुंगी पलंगाखाली. आईने एक ओळ वाचली आणि स्वतःच चौकोन दाबले. “वारा. टोपी.” मग शोधून शोधून, “पळ.” पहिल्यांदाच तिला कळलं, शब्द सापडायला किती वेळ लागतो! पुढचं वाक्य जुळवेपर्यंत ती मागचं विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई नवा चष्मा लावून शेजारी येऊन बसल्या. “सरक. मला ‘आजीला टोपी हवी’ म्हणायचंय.” त्यांनी मोठ्या थाटात बोट टेकवलं. टॅबवाली बाई म्हणाली, “आजी. टोपी. खा.”

“अगं बाई! हिने मला टोपी खायला लावली!”

पलंगाखालून एक आवाज आला. हसण्याचा. आईने मान वळवली नाही, पण तिचे डोळे भरून आले.

तिसऱ्या दिवशी मुंगी पलंगाखालून निम्मी बाहेर आली होती. चौथ्या दिवशी बाबाच्या पाठीला टेकून बसली. बाबाने सशाला लिफ्टने झाडावर चढवलं, त्यावर सासूबाईंनी त्याला “तुझ्या डोक्यातून लिफ्ट कधी उतरणार?” म्हणून फटकारलं. कुणी मुंगीला काही विचारलं नाही. आईला विचारावंसं वाटे, जिभेच्या टोकावर प्रश्न येई, आणि ती तो गिळून आकडे मोजू लागे. एक, दोन, तीन...

सहाव्या दिवशी ते नवव्या पानावर आले. ससा अस्वलाच्या डोक्यावरून टोपी घेतो. आईने वाचलं आणि दहाव्या पानाचा कोपरा चिमटीत धरला. एक, दोन, तीन, चार. मुंगीची नजर चित्रावर. पाच, सहा. मुंगीचा हात हलला. सात.

“नको,” टॅबमधली बाई म्हणाली.

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. आईने पानाचा कोपरा सोडला. पूर्वी ती इथे म्हणाली असती, ‘नको नाही, ससा.’ आता तिने स्वतः पाटीवर दाबलं, “नको,” आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली. बाबा काहीतरी बोलायला गेला, तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आठ. नऊ.

मुंगीचं बोट पाटीवर फिरत होतं. थांबलं. “अस्वल.” पुन्हा फिरलं. “टोपी.”

“अस्वल, टोपी...” आई पुटपुटली आणि तिने पहिल्यांदाच त्या चित्राकडे नीट पाहिलं. ससा टोपी घालून नाचत होता. आणि मागे, पानाच्या अगदी कडेला, उघड्या डोक्याचं अस्वल खाली मान घालून उभं होतं. इतके दिवस वाचून ते आईला दिसलंच नव्हतं! दुसऱ्यांचे डोळे तपासणारी बाई ती!

“तिला अस्वलाची टोपी काढून घ्यायला नकोय!” सासूबाई ओरडल्या.

आई उठली, स्टुलावर चढून फळीवरची वही काढली. उभ्याउभ्या पानं उलटली. फुल्या, फुल्या, फुल्या. ज्या ज्या दिवशी ‘नको’ची झड लागली, त्या दिवसांसमोर पान नंबर तिच्याच अक्षरात लिहिलेला होता. नऊ. नऊ. नऊ. पाच. नऊ. नऊ. एखाददुसरा सोडला तर सगळे नऊ! दोन महिने पोर एकच गोष्ट सांगत होती, आणि आई तारीख घालून तिला चूक ठरवत होती.

ती खाली येऊन मुंगीसमोर बसली. “मला ऐकूच आलं नाही गं,” ती म्हणाली. “तू सांगत होतीस. मलाच ऐकू आलं नाही.” आणि पाटीवर तिने दाबलं, “अस्वल. टोपी. हो.”

मुंगीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती सरसावून बसली, आणि भिंत असो नाहीतर खुर्ची, न वळणाऱ्या त्या बोटाने सावकाश दाबलं, “ससा. टोपी. आणखी.”

“सशाला आणखी एक टोपी?” बाबा म्हणाला. “घ्या! हा न्याय झाला. एक अस्वलाला, एक सशाला.”

“म्हणजे काम माझ्याच गळ्यात!” असं म्हणत सासूबाई उठल्याही. पिवळ्या फ्रॉकच्या उरलेल्या कापडातून त्यांनी अंगठ्याएवढी टोपी बेतली, शिवून झाल्यावर नव्या चष्म्यातून दोनदा तपासली, टाचणी नाही ना याची खात्री केली, आणि ती नवव्या पानावर सशापुढे ठेवली. मुंगीने ती बोटाने उचलून सशाच्या लाल टोपीवर ठेवली. लाल टोपी पिवळीखाली झाकून गेली. मग तिने लाल खडू घेतला आणि अस्वलाच्या डोक्यावर एक वेडीवाकडी टोपी काढली. पुस्तकावर रेघ ओढली म्हणून एरवी आई रागावली असती.

आईला अजून वाचायचं होतं. आज जमलंय तर आणखी एकदा पहिल्या पानापासून, असा मोह तिला झालाच. पण मुंगीचं बोट पाटीवर गेलं.

“संपलं.”

आईने त्याच क्षणी पुस्तक मिटलं.

शाळेची भेट आठ दिवसांवर आहे. मुख्याध्यापिका काय विचारतील, मुंगी काय सांगेल, आईला ठाऊक नाही, आणि पोटातली भीती पूर्ण गेली आहे असंही नाही. पण त्या दिवशी सगळे चौकोन जागेवर असलेला टॅब मुंगीच्या गळ्यात असेल. परवा जिन्यात समोरच्या काकू पुन्हा म्हणाल्या, “अजून ते डबडं आहेच का?” तेव्हा आई हसून पुढे गेली नाही. थांबली. “काकू, तो तिचा आवाज आहे. बोला ना तिच्याशी. फक्त उत्तरासाठी दहा आकडे थांबा.” काकू गोंधळल्या, पण थांबल्या. सात-आठ आकडे तरी थांबल्या.

वाचकहो, मुलांना गोष्ट वाचून दाखवताना आपण त्यांना प्रश्न फार विचारतो आणि त्यांचं ऐकतो फार कमी. कुणी तोंडाने बोलतं, कुणी हातांनी, कुणी बोलक्या पाटीवर बोट ठेवून. रस्ता कुठलाही असो, तो आपल्या सोयीने बंद करायचा अधिकार आई-बापालाही नाही. आणि बोलणं म्हणजे आपल्याला हवं ते उत्तर नव्हे. आपल्याला नको असलेला शब्द लेकराने उच्चारला, तर तो खोडण्याआधी थोडं थांबा आणि चित्राकडे पुन्हा एकदा नीट बघा. पानाच्या कडेला कुणीतरी उघड्या डोक्याने उभं असेल. ते आपल्याआधी लेकराला दिसलेलं असेल.